उन्हाळ्यात दुभती जनावरे सांभाळताना

मार्च महिन्यात ऊन तापू लागले, की गोठ्यातील दुधाचे माप उतरू लागते. उन्हाळ्यात असे व्हायचेच, असे मानून अनेक पशुपालक त्याकडे दुर्लक्ष करतात. मात्र नुकसान केवळ दुधापुरते मर्यादित राहत नाही. जनावरे वेळेवर गाभण राहत नाहीत, भाकड काळ लांबतो आणि त्याचा फटका पुढील वर्षीच्या उत्पन्नालाही बसतो. गोठा, पाणी व चारा यांच्या नियोजनात थोडा बदल केल्यास हे नुकसान बरेच टाळता येते.

उष्णतेचा ताण कसा येतो?

गाईच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान ३८.५ अंश सेल्सिअस (सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट) असते. कोठीपोटात चारा आंबताना आणि दूध तयार होताना शरीरात सतत उष्णता निर्माण होते. त्यामुळे गाय जितकी अधिक दुधाची, तितका तिला उन्हाळा अधिक जड जातो. हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोचले, की घाम व धाप यांद्वारे होणारे बाष्पीभवन हाच उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग उरतो. हवा दमट असल्यास तोही मंदावतो. म्हणूनच कोकण किनारपट्टीवरील ३४ अंशांचा दमट दिवस जनावराला विदर्भातील कोरड्या ४० अंशांच्या दिवसाइतकाच त्रासदायक ठरू शकतो. होल्स्टिन फ्रिजियन रक्ताच्या जास्त दूध देणाऱ्या गाईंवर २५ अंश तापमान व ५० टक्के आर्द्रतेच्या आसपासच ताणाची सुरुवात होते.

देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, खिलार यांसारख्या देशी गाई उष्णता तुलनेने चांगली सोसतात. म्हशीची कातडी काळी असल्याने ऊन अधिक शोषले जाते व घामग्रंथी कमी असल्याने शरीर लवकर थंड होत नाही. त्यामुळे म्हशींना डुंबण्याची सोय करावी किंवा दिवसातून तीन-चार वेळा अंगावर पाणी मारावे.

लक्षणे

जनावर सावलीत किंवा पाण्याजवळ उभे राहते, बसण्याचे टाळते, चारा कमी खाते व रवंथ मंदावते. दुपारी जनावर शांत असताना कुशीची हालचाल पाहून मिनिटभर श्वास मोजावेत. श्वसनाचा वेग मिनिटाला ६० च्या वर गेल्यास ताण सुरू झाला, असे समजावे. दुधातील घट साधारणतः एक-दोन दिवसांनी दिसते. म्हणून दुधाचे माप उतरण्याची वाट न पाहता उपाय सुरू करावेत.

गोठ्याची व्यवस्था

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी व छप्पर पुरेसे उंच असावे. पत्र्यावर पांढरा रंग किंवा चुना लावावा; वर पाचट किंवा पेंढा पसरल्यास आतील उष्णता कमी होते. मात्र वाळलेले पाचट लगेच पेट घेते, म्हणून विजेच्या तारा त्यापासून दूर ठेवाव्यात. उन्हाच्या बाजूस गोणपाट लावून ते ओले ठेवावे. परंतु गोठा चारही बाजूंनी बंद करू नये. हवा कोंडल्यास आर्द्रता वाढून उलट अपाय होतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातील कोरड्या हवेत फॉगर उपयुक्त ठरतात. दमट भागात नुसत्या फॉगरपेक्षा जनावराचे अंग भिजवून त्यावर पंख्याचा वारा देणे अधिक परिणामकारक असते. दूध काढण्यापूर्वी कास कोरडी करावी व जमीन ओली राहू देऊ नये, अन्यथा कासदाहाचा धोका वाढतो.

पाणी

दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. दुभत्या संकरित गाईस उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागू शकते. दिवसातून दोनदा पाणी दाखवण्याऐवजी ते सतत समोर उपलब्ध असावे. टाकी सावलीत ठेवावी. उन्हात तापलेले पाणी जनावर पुरेसे पीत नाही.

चारा व खुराक

खाल्ल्यानंतर काही तासांनी चारा आंबण्याची उष्णता वाढते. ती भर दुपारच्या उन्हात पडू नये, यासाठी खाद्य पहाटे, सायंकाळी व रात्री विभागून द्यावे. वाळलेली वैरण शक्यतो रात्री टाकावी. हिरवा मका, लसूणघास, संकरित नेपिअर किंवा मुरघास यांचा समावेश करावा. घटलेला आहार भरून काढण्यासाठी खुराक एकदम वाढवू नये. त्यामुळे पोटात आम्लता वाढते. घाम व लाळेवाटे क्षार निघून जात असल्याने खनिज मिश्रण व मीठ नियमित द्यावे. पाण्याच्या ताणावर वाढलेली कोवळी ज्वारी खाऊ घालू नये, त्यातून विषबाधा होऊ शकते.

प्रजननाकडे लक्ष

उन्हाळ्यात म्हशी मुका माज दाखवतात. माजाची लक्षणे पहाटे व रात्री उशिरा तपासावीत. सकाळी माजावर आलेल्या जनावरास सायंकाळी व सायंकाळी आलेल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे. आटवलेल्या गाभण जनावरांना दूध नाही म्हणून उन्हात बांधण्याची चूक करू नये. शेवटच्या दोन महिन्यांत उष्णतेचा ताण पडल्यास वासराचे जन्मवजन घटते व पुढील वेताचे दूधही कमी होते.

उष्माघात झाल्यास

जनावर तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळते, तोल जातो व ताप १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत किंवा त्यापुढे चढतो. त्यास तत्काळ सावलीत घेऊन डोके, मान व सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा व पशुवैद्यकास बोलवावे. अर्धवट शुद्धीतील जनावराच्या तोंडात बळजबरीने पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जनावर दगावू शकते.

दुपारी कडक उन्हात चरावयास सोडणे टाळावे. गोचिडांचा बंदोबस्त करावा व पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांचे लसीकरण थंड वेळी उरकून घ्यावे. मोठा खर्च करणे शक्य नसेल, तरी सावली, मुबलक गार पाणी आणि वैरणीची बदललेली वेळ या तीन गोष्टी प्रत्येक पशुपालकास साधण्याजोग्या आहेत.