तीन पेन्सांचा कर

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात उभ्या असलेल्या तीन जहाजांवरील चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या करण्यात आल्या. ही हकीकत शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची झालेली आहे. मात्र तीतील एक विलक्षण गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो चहा महाग झालेला नव्हता; उलट पूर्वीपेक्षा स्वस्त झालेला होता. महागाईविरुद्ध लोक उठतात हे समजण्यासारखे आहे. परंतु स्वस्ताईविरुद्ध त्यांनी का उठावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे दहा वर्षे मागे जावे लागते.

सन १७६३ मध्ये पॅरिसचा तह होऊन इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील सप्तवार्षिक युद्ध संपले. कॅनडा इंग्रजांच्या हाती आला. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील तेरा वसाहतींत विजयोत्सव साजरे झाले. आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत याचा तेथील लोकांना त्या वेळी अभिमानच वाटत होता. परंतु या विजयातच पुढील कलहाचे बीज होते. फ्रेंचांचे भय नाहीसे झाल्यामुळे वसाहतींना इंग्लंडच्या संरक्षणाची पूर्वीइतकी निकड उरली नाही. इकडे इंग्लंडवर मात्र १२ कोटी पौंडांहून अधिक कर्ज झाले होते. युद्धापूर्वीच्या मानाने ते जवळजवळ दुप्पट होते. शिवाय अमेरिकेत सुमारे दहा हजार सैन्य कायम ठेवण्याचे ठरले. ज्यांच्या रक्षणासाठी हा खर्च होतो त्यांनी त्यातील काही वाटा उचलावा, असे इंग्रज मंत्र्यांना वाटले. इंग्लंडातील माणूस वसाहतवाल्यापेक्षा कितीतरी अधिक कर भरत होता हे ध्यानी घेतले, तर त्यांचे म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे होते असे म्हणता येत नाही.

परंतु वसाहतवाल्यांची दृष्टी निराळी होती. व्हर्जिनियात १६१९ पासून लोकांनी निवडलेली सभा भरत आली होती व इतर वसाहतींतही तशाच सभा होत्या. कर बसविण्याचा अधिकार या सभांचा असे, आणि अनेक ठिकाणी राजाने नेमलेल्या गव्हर्नराचा पगारही त्याच मंजूर करीत. खजिन्याची किल्ली अशा रीतीने दीडशे वर्षे त्यांच्या कमरेला होती. तिला हात लावण्याचा प्रयत्न होताच ते खडबडून जागे झाले, यात नवल नाही.

पहिला धक्का १७६३ च्या ऑक्टोबरातील राजाज्ञेने दिला. अ‍ॅपलाचियन पर्वताच्या पश्चिमेस कोणी वस्ती करू नये, असे तिने फर्मावले. ज्या भूमीसाठी आपण लढलो तीच आपल्याला बंद झाली, अशी भावना शेतकऱ्यांत व जमिनीचे व्यवहार करणाऱ्या धनिकांत सारखीच पसरली. १७६४ साली मळीवरील जकात गॅलनमागे सहा पेन्सांवरून तीन पेन्सांवर आणली गेली. वरकरणी ही सवलतच होती. पण जुनी जकात बहुधा चुकविली जात असे आणि नवी मात्र काटेकोरपणे वसूल व्हावयाची होती. चोरट्या व्यापाराचे खटले ज्यूरी नसलेल्या आरमारी न्यायालयांत चालविण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी वसाहतींनी कायदेशीर चलन म्हणून कागदी नाणे काढू नये, असाही कायदा झाला. अशा रीतीने रोख पैसा दुर्मिळ झाला आणि त्याच सुमारास त्याची मागणी वाढली.

यानंतर १७६५ मध्ये मुद्रांकाचा कायदा आला. खरेदीखते, न्यायालयाचे कागद, परवाने, पंचांगे, वर्तमानपत्रे, एवढेच नव्हे तर पत्त्यांचे जोड आणि फासे, या सर्वांवर मुद्रांक आवश्यक ठरला. कराचे स्वरूपच असे होते की, वकील, छापखानेवाले व व्यापारी हे समाजातील सर्वांत बोलके वर्ग एकदमच दुखावले गेले. १४ ऑगस्ट रोजी बोस्टनमध्ये मुद्रांक अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगण्यात आला. ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, म्हणून आमच्यावर कर बसविण्याचा तिला अधिकार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. यावर लंडनहून असे उत्तर आले की, मँचेस्टर व बर्मिंगहॅम यांचेही प्रतिनिधी पार्लमेंटात नाहीत. तथापि पार्लमेंट सर्वच प्रजेचे प्रतिनिधित्व करते. वसाहतवाल्यांना हा युक्तिवाद पटण्यासारखा नव्हता. इंग्लंडातील कर वाढला तर तो सभासदांच्या स्वतःच्या खिशातून जात असे. अमेरिकेतील कर वाढला तर सभासदांचा भार उलट हलका होत असे.

इंग्लंडचा व्यापार बुडू लागल्यामुळे १७६६ मध्ये हा कायदा रद्द झाला. परंतु त्याच दिवशी पार्लमेंटाने दुसरा कायदा करून, वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेण्याचा आपला हक्क जाहीर केला. कर गेला, पण वाद जागच्या जागी राहिला. पुढच्याच वर्षी टाउनशेंड या मंत्र्याने काच, शिसे, रंग, कागद व चहा यांवर जकाती बसविल्या. या उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार द्यावयाचे, हा त्यांतील खरा डंख होता. कारण त्यामुळे हे अधिकारी लोकसभांच्या मुठीतून सुटणार होते. इंग्रजी मालावर बहिष्कार पडला. १७६८ मध्ये बोस्टनला फौज उतरली आणि ५ मार्च १७७० रोजी तेथील गोळीबारात पाच माणसे मेली. त्या शिपायांचे वकीलपत्र बोस्टनच्याच जॉन अ‍ॅडम्सने घेतले व बहुतेकांना निर्दोष सोडविले. कायद्याविषयीचा हा आदर ध्यानात घेतला म्हणजे ही चळवळ केवळ दंगेखोरांची नव्हती, हे स्पष्ट होते.

त्याच साली इतर जकाती उठल्या. चहावरील पौंडामागे तीन पेन्स तेवढे हक्काची खूण म्हणून ठेवण्यात आले. आणि येथे ईस्ट इंडिया कंपनी रंगभूमीवर येते. कंपनी त्या वेळी दिवाळखोरीच्या काठावर होती व तिच्या वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड चिनी चहा पडून होता. १७७३ च्या कायद्याने कंपनीला इंग्लंडातील जकातीची सूट मिळाली आणि आपल्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत माल विकण्याची मुभा मिळाली. चहा स्वस्त झाला, तीन पेन्स मात्र कायम राहिले. लोकांनी तो घेतला असता तर कराचा हक्क मान्य केल्यासारखे झाले असते, आणि स्थानिक व्यापारीही बाजूस पडले असते. बोस्टनच्या अडत्यांत तर गव्हर्नर हचिन्सनचे दोन पुत्र होते. फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथून जहाजे परत गेली. हचिन्सनने मात्र जहाजांना परतीचा परवाना नाकारला. जकात भरण्याची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री पेट्या पाण्यात गेल्या.

पार्लमेंटाने १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केले व मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. एका शहराच्या अपराधासाठी एका वसाहतीची सनद बदलता येत असेल, तर उद्या आपली पाळी, हे इतरांनी ओळखले. सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटली. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली.

स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या या वसाहतींत सुमारे पाचवा हिस्सा लोक गुलामगिरीत होते आणि पश्चिमेकडील ज्या भूमीसाठी तक्रार चालली होती ती तेथील मूळ रहिवाशांची होती. हे विसरून त्या लढ्याचे मूल्यमापन करता येणार नाही.

भारतीय वाचकाने आणखी एक तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बोस्टनमध्ये पुतळा टांगला गेला त्याच्या दोनच दिवस आधी, १२ ऑगस्ट १७६५ रोजी, कंपनीला शहा आलम बादशहाकडून बंगालची दिवाणी मिळाली. पाच वर्षांत तेथे भयंकर दुष्काळ पडला. पेनसिल्व्हानियाच्या जॉन डिकिन्सनने १७७३ मध्ये चहाविरुद्ध लिहिताना, आशियात ज्या कंपनीने हे केले तीच आता आमच्याकडे वळली आहे, असा इशारा आपल्या देशबांधवांना दिला. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला कॉर्नवॉलिसही पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला. सत्ता एकच होती. परंतु अमेरिकेत तिची गाठ अशा लोकांशी पडली की ज्यांच्या हाती दीडशे वर्षांच्या सभा, वर्तमानपत्रे आणि कराला नकार देण्याची सवय होती. बंगालच्या रयतेपाशी यांपैकी काहीच नव्हते. कर तीन पेन्सांचा आहे की तीन रुपयांचा, यापेक्षा तो कोणाच्या संमतीने बसतो, हे पाहणारी माणसे आणि संस्था देशात असाव्या लागतात. अमेरिकेत त्या होत्या, म्हणूनच स्वस्त चहा समुद्रात गेला.