मानसोपचाराचा पहिला दिवस

ताप आला म्हणजे दवाखान्यात काय होणार, हे लहान मुलालाही ठाऊक असते. जीभ दाखवावी, छातीला नळी लावून घ्यावी, औषध घेऊन घरी यावे. परंतु मनाचे दुखणे घेऊन प्रथमच उपचाराला निघालेल्या माणसाचे पाय दाराशी अडखळतात. आत गेल्यावर आपले काय होणार? काय बोलावे, किती बोलावे, हे किती दिवस चालणार, पैसे किती पडणार, आणि आपल्याला वेडा तर ठरवणार नाहीत ना? लाजेमुळे हे प्रश्न तो कोणाला विचारत नाही. पुष्कळदा तर त्यांच्यापायीच माघारी फिरतो. पहिल्या दिवसाची ही रीत कशी घडली, याचा इतिहास पाहिला तर त्याची भीती बरीचशी ओसरेल, असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ एका रुग्णापासून होतो. व्हिएन्ना शहरात डिसेंबर १८८० पासून डॉ. योझेफ ब्रॉयर हे एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करीत होते. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती. हातपाय लुळे पडत; मातृभाषा जर्मन असून ती कित्येक दिवस केवळ इंग्रजीत बोले. मनातले सारे सांगून टाकले की तिला हलके वाटे. या प्रकाराला तिनेच 'बोलण्याचा उपचार' असे नाव दिले, आणि थट्टेने ती त्याला 'धुराडे झाडणे' म्हणे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये तिची हकीकत 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने प्रसिद्ध केली.

त्या हकीकतीवरून वाचकाचा असा ग्रह होतो की ती बरी झाली. खरी गोष्ट तशी नव्हती. १८८२ मध्ये ब्रॉयरचा उपचार संपला आणि त्याच वर्षी तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यधामात ठेवावे लागले. सावरायला पुढे काही वर्षे गेली. नंतर हीच बेर्टा पापेनहाइम समाजकार्यात पुढे आली आणि १९०४ मध्ये तिने ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली. म्हणजे पहिल्याच प्रयोगाने दोन गोष्टी दाखवून दिल्या होत्या. बोलण्याने उतार पडतो ही एक. तो एकदम पडत नाही आणि त्याची वाट सरळ नसते ही दुसरी. पहिली तेवढी जगाने ऐकली.

त्याच पुस्तकात आणखी एक रुग्ण भेटते. फ्रॉइड सारखे खोदून विचारत, तेव्हा तिने त्रासून त्यांना बजावले की प्रश्न पुरे, मला माझे सांगू द्या. फ्रॉइडनी ते मानले. ऐकण्याची विद्या डॉक्टरला रुग्णाने शिकवली ती अशी.

पुढे १९१३ मध्ये फ्रॉइडनी उपचाराचा आरंभ कसा करावा यावर एक निबंध लिहिला. बुद्धिबळात आरंभीच्या आणि शेवटच्या खेळ्याच काय त्या पुस्तकातून शिकता येतात, मधला डाव ज्याचा त्यानेच खेळायचा, तसेच हे काम आहे, असे ते म्हणतात. प्रथम आठवडा-दोन आठवडे परीक्षेचे. त्यानंतर उपचार पत्करायचा की नाही ते ठरे. रविवार वगळून रोज एक तास रुग्णाच्या नावाने राखून ठेवलेला असे, आणि तो आला नाही तरी त्या तासाचे पैसे द्यावे लागत. पैशाची बोलणी आरंभीच मोकळेपणाने करावी, असा त्यांचा आग्रह होता. किती दिवस लागतील, या प्रश्नाला ते इसापाच्या गोष्टीतले उत्तर देत: आधी चालून दाखव, तुझे पाऊल पाहिल्यावाचून मुक्काम किती दूर ते कसे सांगू?

रुग्णाने पाळायचा नियम एकच होता. आगगाडीच्या खिडकीशी बसलेला प्रवासी आत बसलेल्याला बाहेरचे दृश्य सांगत जातो, तसे मनात येईल ते गाळल्यावाचून सांगायचे, मग ते क्षुल्लक असो की लाजिरवाणे. आरंभ कोठून करावा, हे त्याच्यावरच सोपवलेले. आणि तो प्रसिद्ध कोच? त्यामागे फार मोठे गूढ शास्त्र असेल असे आपणास वाटते. तो संमोहनाच्या काळचा अवशेष असल्याचे फ्रॉइड स्वतःच सांगतात. शिवाय दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्या तोंडाकडे पाहत राहणे त्यांना सोसत नसे!

पण रोजचा तास आणि त्याचे मोल परवडणारे किती? फ्रॉइडना हा प्रश्न टोचत होता. १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत त्यांनी गरिबांसाठी मोफत उपचारकेंद्रे निघावीत असे प्रतिपादन केले. १९२० मध्ये बर्लिनला आणि १९२२ मध्ये व्हिएन्नाला तशी केंद्रे निघालीही. त्याच १९२२ साली कलकत्त्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पण पत्रांतून ते आपले मतभेदही स्पष्ट मांडत.

त्यानंतर पुष्कळ बदलले. फ्रॉइडचे कित्येक सिद्धांत टिकले नाहीत. अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या ग्रंथात रुग्णाला आपली वाट आपणच शोधू देण्यावर भर दिला. १९६० नंतर अ‍ॅरन बेक यांनी समोरासमोर बसून, मुदत आणि उद्दिष्ट ठरवून काम करण्याची पद्धत घडवली. आज बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण तासाच्या आसपास, साध्या खुर्चीवर बसून बोलणे होते. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल अशा काही प्रसंगांचा मात्र तीत अपवाद आहे.

तेव्हा पहिल्या दिवशी काय अपेक्षा ठेवावी? चमत्काराची ठेवू नये. पहिल्या भेटीत बहुतेक वेळ विचारपुशीत जातो, आणि घरी परतताना मन हलके होण्याऐवजी जडही वाटू शकते. त्यावरून उपचार फसला असे समजू नये. किती भेटी, किती मोल, कोणती पद्धत, गुप्तता कोठवर, हे आपण विचारावे. न पटल्यास दुसरीकडे जावे. परीक्षेचा काळ दोघांचाही असतो.

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे कोणी समजू नये. एका रुग्णाने या उपचाराला नाव दिले, दुसरीने डॉक्टरला गप्प बसून ऐकायला शिकवले. त्या खोलीची रीत डॉक्टरांइतकीच रुग्णांनीही घडवली आहे. दाराशी अडखळलेल्या माणसाने एवढे ध्यानात ठेवले, तरी आत जाताना त्याचे पाऊल थोडे हलके पडेल.