उरलेले साडेसव्वीस

आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी बसायचे म्हटले की आधी कुणाच्या तरी नावावर पाठ टेकावी लागते. बाकडे बागेतले असो, एस.टी. स्टँडवरचे असो, नाहीतर स्मशानाबाहेरचे. पाठीशी 'अमुक क्लब यांच्या सौजन्याने' हे असायचेच. पाणपोईचेही तेच. नळाची तोटी कधीच कुणीतरी लांबवलेली असते, पण वर दोन दिशांना तोंडं करून बसलेले सिंह, किंवा ते दातेरी पिवळे चाक, अगदी शाबूत! तहान भागली नाही तरी ती कोण भागवणार होते एवढे तरी कळते.

हे सिंह आणि हे चाक आपल्या गावापर्यंत आले कुठून, हा किडा बरेच दिवस माझ्या डोक्यात वळवळत होता. कॉमर्सच्या माणसाचे हे असेच. दुसरा माणूस सत्कार्य पाहून हात जोडतो, आम्ही म्हणतो, "जमाखर्च बघू." आमच्या सौ.चे म्हणणे, "तुम्ही देवळातही आधी दानपेटीचं कुलूप बघता." बघतो बुवा. कुलूप कुणाकडे आहे यावरच तर सगळे अवलंबून असते!

तर चाकाची हकीकत अशी. पॉल हॅरिस नावाचा एक वकील व्हरमाँटकडच्या खेड्यात लहानाचा मोठा झाला आणि १८९६ साली शिकागोत येऊन वकिली करू लागला. अशिले मिळाली, पण रविवार खायला उठायचा. आपला कोकणातला चाकरमानी मुंबईत उतरला की स्टेशनावरूनच गाववाल्यांच्या खोलीवर जायचा. मंडळ, भजन, गणपती सगळे तयार. या बापड्याला तसले मंडळ नव्हते. म्हणून त्याने काढले. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत चौघे जमले. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचे ठरले. फिरती बैठक, म्हणून नाव 'रोटरी'. थोडक्यात भिशीच, फक्त चिवडा नाही.

आणि भिशीसारखाच हेतूही स्वच्छ होता. एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा. म्हणजे शिंप्याने वकिलाला सूट शिवायचा, वकिलाने शिंप्याची केस लढवायची आणि कोळसेवाल्याने दोघांच्या शेगड्या पेटत्या ठेवायच्या. दुसरा शिंपी आला तर? त्याला दार बंद. कुणी कुणाला किती धंदा दिला, याची नोंद ठेवायला चक्क एक आकडेवारी-पदाधिकारी नेमलेला होता. हे वाचले तेव्हा त्या संस्थेबद्दल मला पहिल्यांदा मनापासून आदर वाटला. मैत्रीची डबल-एन्ट्री पद्धतीने नोंद ठेवण्याचे धैर्य आपल्याकडे लग्नात आहेर लिहून घेणाऱ्या काकांखेरीज कुणी दाखवलेले नाही.

हे असेच चालले असते तर आज त्यांची आठवण फार तर शिकागोच्या शिंप्यांना असती. पण १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या एका पेटंट-वकिलाला सभासद व्हायचे आमंत्रण गेले. त्याने नियमावली वाचली. (नियमावली वाचून सभासद होणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.) तो म्हणाला, नुसते स्वतःचेच बघणारी संस्था फार दिवस टिकायची नाही, दुसऱ्यांसाठीही काही करा. पुढे तो आत आला आणि शहराचे हित साधण्याचे कलम नियमावलीत घालून घेतले. जगभरातल्या रोटरीची समाजसेवा या एका कलमातून निघाली. एखाद्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचला तर काय होऊ शकते, बघा!

कलम झाले, आता सेवा कसली करायची? आपण असतो तर कमान उभारली असती. या मंडळींनी हातात घेतले सार्वजनिक संडास. हसू नका. १९०७ साली हा विषय निघाला, तेव्हा भर शिकागोत बाहेरच्या माणसाची फार पंचाईत होत असे. आणि साध्या संडासाला विरोध कुणी करावा? दारू गाळणाऱ्यांच्या संघाने आणि बड्या दुकानदारांनी! दारूवाले म्हणाले, आमचे सहा हजार गुत्ते आहेत, पुरुषांची सोय तिथे होते. दुकानदार म्हणाले, बायकांची आमच्याकडे होते. पण गुत्त्यात शिरायचे म्हणजे आधी बिअर घेणे आले, आणि दुकानात शिरायचे म्हणजे आधी खरेदी. आपल्याकडे हॉटेलात नको असलेला चहा मागवून मग हळूच "बाथरूम कुठाय हो?" विचारणाऱ्याला हे अर्थशास्त्र समजावून सांगायला नको. बिअरचे तर त्याहून वाईट, कारण तासाभराने पुन्हा तीच अडचण!

दोन वर्षे खटपट करून नगरपालिकेच्या गळी ते काम उतरवले आणि १९०९ साली ती वास्तू उभी राहिली. मला विचाराल तर समाजसेवेची याहून प्रामाणिक सुरुवात दुसरी नाही. संडासाच्या दारात उभे राहून फोटो काढून घ्यायची हौस सहसा कुणाला नसते.

आता सिंहांकडे वळू. शहर तेच, शिकागो. माणूस मेल्विन जोन्स, धंदा विम्याचा. धंदेवाल्यांच्या अशाच एका मंडळात तोही होता आणि त्यालाही हाच प्रश्न पडला, की ही हुशार माणसे एकमेकांची बिले फाडण्यापलीकडे काही करतील का? ७ जून १९१७ रोजी ठिकठिकाणच्या मंडळांना एकत्र बोलावून त्याने लायन्सची मुहूर्तमेढ रोवली. त्याच वर्षी डॅलसच्या अधिवेशनात ठरले, की सभासदांचा आर्थिक फायदा हे कुठल्याही क्लबचे उद्दिष्ट असता कामा नये. विमा एजंटाने हे म्हणावे, याचे अप्रूप ज्यांच्या घरी विमा एजंट येऊन बसतो त्यांनाच कळेल.

१९२५ साली ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर आल्या. ज्यांना दिसत नाही त्यांचे शिलेदार व्हा, असे त्यांनी या सिंहांना सांगितले, आणि सिंहांनी ते मनावर घेतले. १९३० साली पिओरिया गावच्या एका लायनने पाहिले, की रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाची काळी काठी मोटारवाल्यांना दिसतच नाही. क्लबाने काठ्यांना पांढरा रंग लावायला घेतला, वर लाल पट्टा. खर्च रंगाचा डबा आणि एक ब्रश. आज गावोगाव होणाऱ्या मोतीबिंदूच्या शिबिरांचे मूळ तिथपर्यंत जाते. शिबिरात सात पेशंट आणि स्टेजवर सतरा पाहुणे, असे मीही पाहिलेले आहे. पण त्या सातांपैकी एका आजीची पट्टी सुटली आणि तिने समोरच्या पाहुण्याला "तू रे कोण?" असे विचारले. इतका खरा सत्कार त्या गृहस्थांचा आधी कधी झाला नसेल.

दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या घरातली बाई मात्र बरीच वर्षे दिसली नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या रोटरी क्लबने तीन बायकांना सभासद करून घेतले म्हणून १९७८ साली त्या क्लबालाच काढून टाकले. दुआर्तेकरही खट, त्यांनी 'माजी रोटरी क्लब' अशी पाटी लावून बैठका चालू ठेवल्या! प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ मे १९८७ रोजी निकाल बायकांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी लायन्सनीही दार उघडले. रोटरीला पहिली महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष मिळायला मात्र २०२२ साल उजाडले.

पण मी ज्यासाठी हा सगळा जमाखर्च उकरत बसलो, ती रक्कम वेगळीच आहे. १९१७ साली आर्च क्लम्फ या रोटरीच्या अध्यक्षाने सुचवले, की जगाचे भले करण्यासाठी एक कायमचा निधी असावा. टाळ्या पडल्या. पैसे? पुढच्या वर्षी कॅन्सस सिटीच्या क्लबाने पहिली देणगी पाठवली, २६ डॉलर ५० सेंट. ती तरी कुठली? अधिवेशनाच्या खर्चातून उरलेली! जगाचे भले करायला साडेसव्वीस डॉलर, तेही मांडववाल्याचे बिल भागवून राहिलेले. सहा वर्षांनी या निधीत जमले होते सातशे. आमच्या ब्रँचमध्ये असले खाते असते तर साहेबांनी "हे बंद का करून टाकत नाही?" म्हणून विचारले असते.

त्यांनी बंद केले नाही. १९३० साली त्या निधीतून पहिली मदत दिली गेली. पाचशे डॉलर, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला. ही संस्था ज्याने काढली तो एडगर ॲलन, ओहायोतल्या एलिरिया गावचा व्यापारी. १९०७ साली ट्रामच्या अपघातात त्याचा मुलगा गेला. जवळपास चांगले इस्पितळ नव्हते. त्याने धंदा विकला आणि गावात इस्पितळ उभे करायच्या मागे लागला. तिथे अपंग मुले दिसली, तेव्हा त्यांच्यासाठी संस्था काढली आणि रोटरीवाल्यांना त्यात ओढले. इथे मला विनोद सुचत नाही.

त्या पाचशेच्या चेकची पुढची पाने उलटत गेले की १९८५ येते. त्या साली रोटरीने जगातल्या मुलांना पोलिओपासून वाचवायचा विडा उचलला. बारा कोटी डॉलर जमवायचे ठरले. १९८८ पर्यंत जमले चोवीस कोटी सत्तर लाख. अंदाजपत्रकापेक्षा जमा दुप्पट, असे मी दुसरे उदाहरण पाहिलेले नाही. मग ते रविवार आठवा. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, थर्मासासारखा तो बर्फाचा डबा, दोन थेंब आणि पोराच्या डाव्या करंगळीला शाईची खूण. सरकार होते, जागतिक आरोग्य संघटना होती, युनिसेफ होती, उन्हात दारोदार हिंडणाऱ्या अंगणवाडीच्या बाया होत्या. आणि एरवी हार घालून घ्यायला पुढे असणारे आपल्या गावचे चाकवाले रिक्षातून भोंगा घेऊन ओरडत होते, "पाच वर्षांखालच्या मुलांना आणा हो!"

भारतात पोलिओचे रुग्ण २००९ साली होते ७४१, म्हणजे जगातले जवळजवळ निम्मे. २०१० साली ४२. २०११ साली १. हावड्याकडची दोन वर्षांची एक मुलगी, १३ जानेवारी. त्यानंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. शेजारी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून खाते बंद झालेले नाही आणि थेंबही चालूच आहेत.

तेव्हा सौजन्याच्या पाट्यांना आता मी पूर्वीइतका हसत नाही. नाव हवे असते, हार हवा असतो, ओळखीतून चार गिऱ्हाइके मिळाली तर तीही हवी असतात. माणूस आहे, असणारच. शिकागोच्या त्या चौघांनाही दुसरे काय हवे होते? प्रश्न एवढाच, की सगळ्यांचे हवे-नको भागल्यावर शेवटी काही उरते का, आणि उरलेले कुणी जपून ठेवते का. सरलेल्या कार्यक्रमाचे साडेसव्वीस वाटून घेऊन आइस्क्रीम खाणे फार सोपे होते.

जन्मभर आकडेच बघणाऱ्या माणसाला खात्यावर शून्य दिसले की वाईट वाटते. ७४१, ४२, १ आणि मग ०, हे एकच खाते असे, की तिथला शून्य पाहून टाळी वाजवावीशी वाटली.