आपल्या समाजाचा अभ्यास कोणी करायचा? सामाजिक शास्त्रांतील संशोधन, फेलोशिप आणि आपली जबाबदारी

माजिवड्यात आणि आसपासच्या वस्त्यांत आम्ही विद्यार्थ्यांसोबत काम करतो. इंजिनीअरिंग, नर्सिंग, बँकेची परीक्षा म्हटले की घरचे लगेच पाठीशी उभे राहतात. पण मुलगी म्हणाली, "मला समाजशास्त्रात पीएचडी करायची आहे", की घरात पहिला प्रश्न येतो, "त्याने नोकरी लागेल का?" हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात एकाच्या पगारावर पाच जण जगतात, तिथे तो विचारलाच जाणार. म्हणूनच या संशोधनाला पैसा कुठून मिळतो, तो कुठे अडतो आणि समाज म्हणून आपण काय करू शकतो, याची माहिती एका ठिकाणी असावी, असे आम्हाला वाटले.

सुरुवात बाबासाहेबांपासून

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिथे त्यांनी अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र हे विषय घेतले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीची उत्पत्ती आणि ती टिकवणारी यंत्रणा यांचा हा शास्त्रीय अभ्यास होता, आणि तो करणारा विद्यार्थी स्वतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला होता. पुढच्या वर्षी हा निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

पुढचा भाग आपण कमी सांगतो. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधावर त्यांना डी.एस्सी. मिळाली. म्हणजे बुद्धिमत्ता कितीही असली तरी पैसा थांबला की संशोधन थांबते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून निधी मागितला, त्यामागे हा अनुभव होता. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली आणि परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय योजना १९५४-५५ पासून.

अभ्यासाचा विषय की अभ्यासक?

आपल्या चळवळीचा बराच इतिहास संशोधनासाठी कसलाही निधी नसताना लिहिला गेला. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये काढला आणि उरलेले आयुष्य या कामाला दिले. १९७१ मध्ये ते गेल्यानंतरही त्यांचे खंड येत राहिले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. ते नसते तर त्या बायांची नावेही आज उरली नसती.

दुसरीकडे, विद्यापीठांच्या जगात आपण बराच काळ माहिती देणारे होतो. प्रश्नावली दुसऱ्याची, उत्तरे आपली, पदवी दुसऱ्याची. याला सन्माननीय अपवाद आहेत. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये प्रबंध पूर्ण केला आणि जन्मभर या समाजाशी नाते जपले. त्यांचे ऋण आहेच. पण एखाद्या समाजाचे ज्ञान कायम बाहेरून आलेल्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहू शकत नाही.

आफ्रिकेतल्या विद्वानांनी हाच प्रश्न त्यांच्या खंडापुरता विचारला. आफ्रिकेवरची पुस्तके लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कमध्ये लिहिली जात आणि आफ्रिकी विद्यापीठांतले अध्यापक त्यांत साहाय्यक म्हणून उरत. १९७३ मध्ये त्यांनी सामाजिक शास्त्रांतील संशोधनासाठी 'कोडेस्रिया' ही संपूर्ण खंडाची संस्था उभी केली. तिचे कार्यालय सेनेगलमधील डकार येथे आहे. तरुण संशोधकांना प्रबंध लिहिण्यासाठी छोटी अनुदाने, पद्धतीशास्त्राच्या कार्यशाळा, स्वतःची नियतकालिके असे तिचे काम आहे. निधी अनेकदा परदेशातून आला, तरी विषय आम्ही ठरवू, हा आग्रह त्यांनी ठेवला. १९९० मध्ये कंपाला येथे त्यांनी बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामाही काढला.

या आग्रहामागे वेदना होती. आर्ची माफेजे हे दक्षिण आफ्रिकेचे कृष्णवर्णीय मानववंशशास्त्रज्ञ. १९६८ मध्ये केपटाऊन विद्यापीठाने त्यांची नेमणूक केली आणि वर्णद्वेषी सरकारच्या दबावाखाली ती मागे घेतली. विद्यार्थ्यांनी विद्यापीठात ठिय्या दिला, तरी नेमणूक परत मिळाली नाही. ते पुढे देशाबाहेर राहून लिहीत राहिले आणि कोडेस्रियाच्या महत्त्वाच्या विचारवंतांत गणले गेले. आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

आज उपलब्ध असलेल्या योजना

अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप. २००५-०६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप म्हणून ही सुरू झाली. दरवर्षी २,००० जागा आहेत. निवड नेट परीक्षेच्या गुणांवरून होते. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये असा दर आहे. घरभाडे भत्ता वेगळा. पुस्तके, प्रवास, छपाई यांसाठीची सादिल रक्कम मानव्य व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० रुपये मिळते, ती विज्ञानापेक्षा कमी आहे. जो संशोधक मराठवाड्यातल्या वीस गावांत फिरून मुलाखती घेणार, त्याला ही रक्कम किती पुरेल, हे सांगायला नको.

बार्टीची फेलोशिप. पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या पीएचडी संशोधकांना ही अधिछात्रवृत्ती देते. ज्यांना नेटमधून जेआरएफ मिळाली नाही, त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहे.

आयसीएसएसआर. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीत जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. ही परिषद सामाजिक शास्त्रांत पीएचडी करणाऱ्यांना स्वतंत्र फेलोशिप देते. तिचे पश्चिम विभागीय केंद्र कलिना येथे, मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. ठाण्याच्या विद्यार्थ्याला चौकशीसाठी दिल्ली गाठायची गरज नाही.

परदेशी शिक्षण. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा असून अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे होतात. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचीच जाहिरात वाचावी.

गाडी कुठे अडते?

पहिला अडथळा विषयाचा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले गेले. हे विषय भारतातच शिकता येतात, असे समर्थन झाले. पण वसाहतकाळातील भारताची कितीतरी कागदपत्रे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिवाय जात, वंश आणि वर्ण यांचा तुलनात्मक अभ्यास करायचा तर दुसऱ्या समाजात राहून शिकावे लागते. कोलंबियात बाबासाहेबांनी तेच केले. साध्या शब्दांत सांगायचे तर, हा नियम १९१३ मध्ये असता तर 'कास्ट्स इन इंडिया'सारख्या विषयाला शिष्यवृत्ती मिळाली नसती. परदेशातला विद्यार्थी त्याच्या देशाच्या पैशावर आमच्या वस्तीचा अभ्यास करायला येऊ शकतो. आमच्या वस्तीतला विद्यार्थी मात्र आपल्या सरकारच्या या पैशावर तोच विषय घेऊन परदेशी विद्यापीठात जाऊ शकत नाही.

दुसरा अडथळा संख्येचा आणि वेळेचा. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतील सर्व ८६१ संशोधकांना फेलोशिप मिळावी यासाठी मुले-मुली २०२३ मध्ये आझाद मैदानावर कित्येक आठवडे बसली, तेव्हा मागणी मान्य झाली. पुढच्या तुकडीला अर्धीच रक्कम देण्याचा निर्णय झाला आणि पुन्हा आंदोलन करावे लागले. ऑक्टोबर २०२३ च्या समान धोरणाने बार्टीसाठी वर्षाला २०० जागांची मर्यादा घातली. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतही जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ पैकी आधी ४० जणांनाच पत्रे दिली गेली, उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठ प्रवेशासाठी थांबत नाही, हे कोणी लक्षात घ्यायचे?

तिसरा अडथळा दृष्टीचा. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. संदर्भ सारथीच्या फेलोशिपचा होता, पण तो सगळ्याच समाजांच्या संशोधकांना लागला. याचे उत्तर रागाने देण्यापेक्षा कामाने द्यावे. घोडबंदर रोडवर टॉवर उभे राहिले, त्यांत घरकाम करणाऱ्या बाया कुठून येतात? नाक्यावर रोज सकाळी उभे राहणाऱ्या मजुरांत कोणत्या जिल्ह्यांचे, कोणत्या जातींचे लोक आहेत? कंत्राटी सफाई कामगारांच्या दुसऱ्या पिढीचे काय झाले? क्लस्टर योजनेत भाडेकरूंचे काय होणार? या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे नसतील तर धोरण अंदाजावर चालते. ती उत्तरे शोधणे म्हणजेच सामाजिक शास्त्र.

अर्जदारांसाठी

आमच्या अनुभवात अर्ज गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतात. म्हणून काही सूचना:

- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र एम.ए.च्या पहिल्या वर्षीच हाताशी ठेवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ठाण्यातली आपली बरीच कुटुंबे जालना, बीड, बुलडाणा, रत्नागिरीकडून आलेली. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गावचा जुना उतारा गावाहून आणायला महिने लागतात.
- केंद्राच्या योजनेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे का, तो नवबौद्ध अर्जदारांनी विशेष तपासावा.
- पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. नोंदणीची तारीख आणि फेलोशिप सुरू होण्याची तारीख वेगवेगळी असू शकते. दोन्हींची पत्रे जपून ठेवा.
- प्रगती अहवाल आणि मार्गदर्शकाची सही वेळेवर घ्या. एक सही राहिली तरी पैसे थांबतात.
- साहित्यासाठी कलिन्याचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, फोर्टचे सिद्धार्थ महाविद्यालय, मुंबईचे राज्य पुराभिलेखागार आणि आपल्या ठाण्याचे १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय वापरा.

समाज काय करू शकतो?

सरकारकडे मागणी सोडायची नाही. परदेशी शिष्यवृत्तीतील विषयबंदी उठवावी, फेलोशिप दरमहा ठरलेल्या तारखेला जमा व्हावी, मानव्य शाखेची सादिल रक्कम वाढवावी आणि बार्टीच्या जागा मागणीनुसार असाव्यात, एवढे तरी लावून धरावे.

पण सहा महिने फेलोशिप रखडली तर एका संशोधकाचे २,२२,००० रुपये अडकतात. त्या काळात तो डिलिव्हरीचे काम धरतो, ती शिकवण्या घेते आणि प्रबंध मागे पडतो. इथे विहार समित्या थेट मदत करू शकतात. पन्नास घरांनी महिन्याला २०० रुपये काढले तर १०,००० रुपये जमतात. एका संशोधकाचा प्रवास, झेरॉक्स आणि अर्धे घरभाडे त्यातून भागते. ही मदत बिनव्याजी उसनवारी म्हणून द्यावी, फेलोशिप आली की परत घ्यावी आणि पुढच्याला द्यावी. हिशेब दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवावा. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा या कामाला काढला, तरी मिरवणुकीत काही कमी पडणार नाही.

एक अट मात्र घालू नये. आमच्या पैशावर शिकतोस तर आमच्या सोयीचेच लिही, असे म्हणू नये. आपल्या चळवळीतल्या, विहारातल्या, घरातल्या उणिवांवरही संशोधकाने लिहावे. पुढाऱ्यांच्या फुटी, पोटजातींचा अभिमान, बायकांना समित्यांत मिळणारी जागा हेही अभ्यासाचे विषय आहेत. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर आणि अधिकारी माणसांच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, असा उपदेश केला. संशोधनाला मदत करायची ती याच बोलीवर.

जयभीम!