मोंबासाची रेल्वे आणि ‘युगांडा योजना’

1890 च्या कराराने पूर्व आफ्रिकेत इंग्रज आणि जर्मन यांची हद्द ठरली, पण चढाओढ थांबली नाही. जर्मनांनी 1893 मध्ये टांगा बंदरापासून रूळ टाकायला घेतले. नाईलचा उगम आपल्या हाती राहावा म्हणून इंग्रजांनी 1896 मध्ये मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे सुरू केली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबी. त्यांतले जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले.

1901 मध्ये रूळ सरोवराला पोचले, पण वाटेत पुरेशी वस्ती नव्हती आणि मालही नव्हता. पुढच्या वर्षी इंग्रज मंत्री जोसेफ चेंबरलेन याच गाडीने फिरले. 1903 मध्ये त्यांनी हर्झल यांना यहुदी वसाहतीसाठी या भागातली जमीन देऊ केली. नाव पडले ‘युगांडा योजना’, जमीन मात्र आजच्या केनियातली.

किशिनेवची कत्तल नुकतीच झाली होती. बाझेलच्या सहाव्या झायोनिस्ट काँग्रेसने 295 विरुद्ध 178 मतांनी पाहणीसाठी मंडळ पाठवायचे ठरवले. सर्वांत कडाडून विरोध केला तो रशियातल्या प्रतिनिधींनी, आणि आसऱ्याची गरज त्यांनाच सर्वांत जास्त होती. 1905 मध्ये योजना फेटाळली गेली. यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करणाऱ्या आपल्या वाडवडिलांना त्याचे कारण विचारावे लागले नसते.

— शुगर लँड, टेक्सस