सायकलचा लगाम

चाक प्रथम कोणी फिरवले यावर पंडित अजून वाद घालतात. पण फिरते चाक थांबवावे कसे, याची कथा सांगायला सहसा कोणी बसत नाही. इतिहासात धावणाऱ्यांना जागा मिळते, थांबवणाऱ्यांना मिळत नाही. आम्हा शाळामास्तरांचा जन्म मुलांना धावते करण्यापेक्षा थांबवण्यातच अधिक जातो. म्हणूनही असेल, पण सायकलच्या ब्रेकविषयी मला पहिल्यापासून एक आपुलकी वाटत आली आहे.

हल्ली 'ग्रॅव्हल' म्हणून सायकलींची एक नवी जात निघाली आहे. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वळलेले, पण टायर रुंद. कारण तिला डांबरी सडकेइतकीच खडीची आणि धुळीची वाटही चालायची असते. अशा सायकलीच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याला, रिमवर दाबला जाणारा कोणता ब्रेक चालेल, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. दुकानात जाऊन लोक विचारतात, "चांगला ब्रेक कोणता?" माझे म्हणणे असे की, हा प्रश्नच अपुरा आहे. "चांगला मुलगा कोणता?" असे विचारून का कोणी सोयरीक जुळवते? घर पाहावे लागते, माणसे पाहावी लागतात. ब्रेकचा सारा इतिहास हेच सांगतो.

१८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायटे मारायच्या सायकली बाहेर पडू लागल्या. त्यांचे हँडल पिळले की दोरी ताणली जाई आणि मागच्या लोखंडी धावेवर एक चमचा दाबला जाई. पुढे उंच चाकाची सायकल आली. तिच्या पुढच्या भरीव रबरी टायरवरही असाच चमचा असे. पण तो जोराने दाबण्याची सोय नव्हती. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या माथ्यावर बसलेला. चाक एकाएकी अडले की स्वारी हँडलवरून थेट जमिनीवर! ब्रेक होता, पण ज्या वाहनावर तो बसवला त्याला तो सोसत नव्हता. विजोड सोयरिकीचा हा पहिला धडा.

१८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल काढली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी, स्वार दोहोंच्या मध्ये, आणि मागचे चाक साखळीने फिरणारे. आजची सायकल ही तिचीच वंशज. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. सगळ्या जगाच्या पाठीचे हादरे कमी झाले, पण चमच्याच्या ब्रेकचे घर मात्र बुडाले. हवा भरलेल्या मऊ टायरवर चमचा घासला की टायरच झिजे. तेव्हा ब्रेकला टायर सोडून शेजारच्या रिमवर बिऱ्हाड थाटावे लागले. रिम-ब्रेकचा उगम हा असा, शेजाऱ्याने रूप बदलल्यामुळे झाला.

आता हातातला जोर रिमपर्यंत न्यायचा कसा? एक मार्ग सळ्यांचा. आपल्या आईवडिलांच्या पिढीने हाच पाहिला. दूधवाल्याची, पोस्टमनची ती काळी, उंच, २८ इंची सायकल आठवा. मूठ दाबली की सळी वर ओढली जाई आणि दोन रबरे रिमच्या आतल्या, ताऱ्यांकडच्या बाजूला खालून चिकटत. त्यासाठी रिमची घडणही तशीच लागे. या ब्रेकला सहसा काही होत नसे. झालेच तर पान्याचे दोन फेरे पुरत. पण पोलादी रिमवरचा मुलामा पावसात भिजला की ती रबरे नुसती घसरत. लहानपणी श्रावणातल्या उतारावर आम्ही चपलांचे तळवेही ब्रेकच्या मदतीला देत असू.

दुसरा मार्ग केबलचा. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन याने १८९६ साली त्याचे पेटंट घेतले. लवचीक नळीतून जाणारी तार वळणावळणाने गेली तरी ओढ पोचवते, एवढीच युक्ती. (रॅले कंपनीचे सर फ्रँक बाउडन ते वेगळे, नामसाम्यामुळे या दोघांची पुष्कळदा गल्लत होते.) या तारेमुळे ब्रेक कुठेही बसवता येऊ लागला. मात्र तार किती ओढायची आणि ब्रेकला किती ओढ हवी, या दोन आकड्यांचा मेळ घालण्याचे नवे काम मागे लागले. त्याकडे आपण पुढे येऊच.

शर्यतीच्या सायकलींनी कॅलिपर ब्रेक पत्करला. तो फोर्कच्या माथ्यावरील एकाच भोकात बसतो आणि त्याचे दोन बाहू टायरला वळसा घालून रिमला चिमटीत धरतात. येथे अंतराचा हिशेब फार कडक असतो. भोकापासून रबर टेकण्याच्या जागेपर्यंत आखूड बाहूचा ब्रेक ३९ ते ४९ मिलिमीटर पोचतो, मध्यम बाहूचा ४७ ते ५७. अरुंद टायर या कमानीखालून सुखाने जातो. ग्रॅव्हलचा टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद. तो आखूड कमानीत शिरतच नाही; आणि शिरलाच तर पहिल्या चिखलात अडकतो.

चिखलातून शर्यत खेळणाऱ्यांनी म्हणून दुसरा संसार मांडला. फोर्कच्या दोन्ही पायांवर एकेक खुंटी पक्की जोडायची, प्रत्येक खुंटीवर एक बाहू, आणि वरून तारेने दोघांना ओढायचे. हा कँटिलिव्हर ब्रेक. डोक्यावर कमान नाही, म्हणून टायर रुंद असला तरी अडचण नाही. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँच्या 'माफाक' कंपनीचे असे ब्रेक पुढे नावाजले गेले.

त्यानंतरची गोष्ट अमेरिकेतली. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, उलटे पायटे मारून लावायचा. एका उतारात तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि नवे भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरणे यावरूनच त्या शर्यतीचे नाव 'रिपॅक' पडले! सपाट गावरस्त्याचा ब्रेक डोंगराला दिला, त्याचे हे फळ. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने डोंगरासाठी खास सायकल बांधली, तिला त्याने कँटिलिव्हर ब्रेक लावले. १९९६ च्या सुमारास शिमानो कंपनीने त्याच खुंट्यांवर बसणारा लांब बाहूंचा व्ही-ब्रेक बाजारात आणला. तो जोरदार होता, पण त्याला केबलची ओढ जवळजवळ दुप्पट लागे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माझ्या मते आधी ब्रेक पाहूच नये, फोर्क पाहावा. पायांवर खुंट्या असतील तर कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक. खुंट्या नाहीत पण माथ्याला भोक आहे, तर अंतर मोजून कॅलिपर, आणि त्याखालून जाईल तेवढाच टायर. दोन्ही नसतील तर तो फोर्क बहुधा डिस्क ब्रेकसाठीच घडवलेला आहे. त्याला भोके पाडून रिम-ब्रेक बसवण्याचा हट्ट करू नये. फोर्क मोडला तर मोडते ते हाड आपले असते.

मग चाक पाहावे. खुंट्यांची उंची चाकाच्या मापाला बांधलेली असते. ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमऐवजी ५८४ ची रिम घातली की ब्रेकची जागा १९ मिलिमीटर खाली सरकते, आणि साधारण ब्रेकची रबरे तेथवर उतरत नाहीत. रिमच्या कडेला रबर घासण्याची सपाट पट्टी आहे ना, हेही बघावे. डिस्कसाठी केलेल्या पुष्कळ रिमांना ती नसते.

शेवटी मूठ. शर्यतीच्या वळलेल्या हँडलावरची मूठ सहसा थोडी तार ओढते. तिला कँटिलिव्हर मानवतो, नाहीतर आखूड बाहूंचा छोटा व्ही-ब्रेक. पुऱ्या लांबीचा व्ही-ब्रेक तिला जोडला, तर मूठ हँडलला टेकते तरी रबरे रिमला धड दाबत नाहीत. उलट, व्ही-ब्रेकची मूठ कँटिलिव्हरला जोडली की हाताला ती छान टणक लागते, पण सायकल थांबत नाही. ही दुसरी जोडी अधिक घातकी, कारण ती दुकानाच्या दारात फसवते आणि उतारावर उघडी पडते.

आज बहुतेक ग्रॅव्हल सायकली डिस्क ब्रेकच्या झाल्या आहेत. रस्त्यावरच्या शर्यतींनाही २०१८ साली जागतिक संघटनेने डिस्कची कायमची मुभा दिली. कारण उघड आहे: डिस्कने रिमशी असलेले नाते सोडले, त्यामुळे टायर, रिम, चिखल यांची कटकट सुटली. पण नाती संपली असे मात्र नाही. चाकाचा तुंबा आणि फोर्कचा पाय यांच्याशी नवी जुळली. आणि ज्याच्याकडे खुंट्यांचा जुना, निरोगी पोलादी फोर्क आहे, त्याने तो भंगारात काढण्याचे कारण नाही. जोडी जुळली तर तो ब्रेक अजूनही इमानाने चाकरी करील.

दिवाळीत पुष्कळ घरांतून मुलांना सायकल घेतली जाते. रंग पाहा, घंटी वाजवून पाहा, किंमतीची घासाघीस करा. पण पैसे मोजण्यापूर्वी एकदा तिच्यावर बसून, थोडा वेग घेऊन, मूठ दाबून पाहा. पोर घराबाहेर किती दूर जाते याचे कौतुक आपण करतोच. ते हवे तेथे थांबू शकते, याची खात्री मात्र आपण आधी करून ठेवायची असते.