स्मृतिभ्रंशातील मनोविकार लक्षणे

उतारवयात बुद्धीच्या ऱ्हासाबरोबर, आणि पुष्कळदा त्याच्याही आधीपासून, भावना, समज व वागणूक यांत जे बिघाड दिसू लागतात त्यांना स्मृतिभ्रंशातील मनोविकार लक्षणे किंवा वर्तणुकीची व मानसिक लक्षणे असे म्हणतात. संशय, भास, नैराश्य, चिंता, औदासीन्य, चिडखोरपणा, निरर्थक येरझारा, घराबाहेर भटकणे आणि झोपेचे चक्र उलटे होणे ही त्यांची नेहमीची रूपे होत. स्मृतिभ्रंश अथवा डिमेन्शिया हा केवळ विस्मरणाचा रोग आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात रुग्णाला घरी सांभाळणे अशक्य होते ते विस्मरणापेक्षा बहुधा या लक्षणांमुळे. अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅश काउंटी येथे रुग्णांची पाच वर्षे पाहणी केली असता ९७ टक्के रुग्णांत यांपैकी किमान एक लक्षण कधी ना कधी आढळले.

मराठीत अशा वागण्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही प्रचलित आहे. या दोहोंमुळे रोगाचे लक्षण वयाचा स्वाभाविक परिणाम किंवा स्वभावदोष ठरते आणि वैद्यकीय तपासणी लांबणीवर पडते.

इतिहास

ज्या रुग्णावरून अल्झायमर रोगाची ओळख पटली, त्या रुग्णाचे पहिले ठळक लक्षण विस्मरण नव्हते. आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. नवऱ्याविषयीचा मत्सर व संशय यांनी तिच्या आजाराची सुरुवात झाली होती. स्मृती झपाट्याने ढासळू लागली ती त्यानंतर. घरातील वस्तू ती लपवून ठेवी आणि कोणीतरी आपल्याला मारायला येत आहे असे वाटून ओरडत असे. एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली व त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथील सभेत निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या मनोविकारशास्त्राच्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. पुढे मात्र रोगाची व्याख्या स्मृतीभोवतीच फिरत राहिली आणि मानसिक लक्षणे दुय्यम मानली गेली.

१९९४ मध्ये जेफ्री कमिंग्ज व सहकाऱ्यांनी ही लक्षणे मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रश्न रुग्णाला नव्हे, तर त्याची देखभाल करणाऱ्याला विचारले जातात.

लक्षणे

सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे लक्षण म्हणजे औदासीन्य. रुग्ण कोणालाच त्रास देत नसल्यामुळे तक्रार होत नाही. रोजचे वर्तमानपत्र, देवपूजा, नातवंडांशी गप्पा, एकेक गोष्ट सुटत जाते आणि घरचे त्याला आळस किंवा विरक्ती समजतात. नैराश्यात दुःख, अपराधीपणा किंवा निराशा असते, तर निव्वळ औदासीन्यात मनुष्य दुःखीही नसतो. त्याच्यातील प्रेरणाच मंदावलेली असते.

संशयाच्या भ्रमांपैकी चोरीचा भ्रम विशेष आढळतो. ठेवलेली वस्तू कोठे ठेवली हे आठवत नाही, आणि आपण विसरलो याचीही जाणीव नसते. मग कपाटाच्या किल्ल्या, पैसे वा दागिने कोणीतरी नेले हाच एक अर्थ उरतो. आरोप येतो तो सर्वांत जवळ असणाऱ्यावर, म्हणजे सुनेवर, मुलीवर किंवा घरकाम करणाऱ्या बाईवर. जोडीदाराच्या चारित्र्याचा संशय, घरात परके लोक राहतात ही समजूत, ‘हे माझे घर नव्हे’ असा हट्ट, हेही भ्रमच होत. आपले माणूस बदलून त्याच्या जागी हुबेहूब तोतया आला आहे, या भ्रमाला फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी त्याचे वर्णन १९२३ मध्ये केले. असे भ्रम पुराव्याने खोडून काढता येत नाहीत. वाद घातल्यास ते बहुधा अधिक घट्ट होतात.

लक्षणांवरून रोगाचा प्रकारही काही अंशी सूचित होतो. लुई बॉडी स्मृतिभ्रंशात माणसे, लहान मुले किंवा प्राणी स्पष्ट दिसल्याचे भास लवकर होऊ लागतात, आणि झोपेत स्वप्नानुसार हातपाय झाडण्याची सवय कित्येक वर्षे आधीपासून असू शकते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्मृती प्रारंभी बरी असते, पण संयम सुटतो. सभ्य मनुष्य अश्लील बोलू लागतो, गोडाचा अतिरेक करतो, दुसऱ्याच्या दुःखाविषयी बेफिकीर होतो. हा प्रकार अनेकदा पासष्टीच्या आत सुरू होत असल्याने त्याला मनोविकार किंवा दुर्वर्तन समजले जाते. अल्झायमर रोगात अनेकांची अस्वस्थता तिन्हीसांजेला वाढते.

विस्मरणापूर्वीची लक्षणे

पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला व किमान सहा महिने टिकलेला वागणुकीतील बदल हा येऊ घातलेल्या स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना असू शकतो. या अवस्थेला ‘सौम्य वर्तणूक बिघाड’ असे नाव असून तिचे निकष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत प्रेरणा, भावस्थिती, आवेगांवरील नियंत्रण, सामाजिक औचित्य आणि समजुती व संवेदना अशी पाच क्षेत्रे मानली आहेत. असे बदल झालेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतोच असे नाही. तथापि आयुष्यभर मानसिक स्वास्थ्य चांगले असलेल्या व्यक्तीत साठीनंतर पहिल्यांदाच संशय, भास वा खोल नैराश्य दिसल्यास मनोविकाराच्या उपचारासोबत स्मृती व बुद्धीचीही चाचणी होणे आवश्यक ठरते.

निदानातील गल्लती

याच्या उलट चूकही घडते. वृद्धांतील तीव्र नैराश्यात एकाग्रता व स्मृती इतकी मंदावते की रुग्ण स्मृतिभ्रंशाचा वाटतो. लेस्ली किलोह यांनी १९६१ मध्ये या स्थितीला आभासी स्मृतिभ्रंश म्हटले. असा रुग्ण आपल्या विसराळूपणाची स्वतःच तक्रार करतो. खरा स्मृतिभ्रंश झालेला बहुधा ती झाकतो किंवा नाकारतो. हा भेद उपयोगी असला तरी निर्णायक नाही, कारण दोन्ही विकार एकत्र असू शकतात आणि असे नैराश्य बरे झाल्यानंतरही काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो.

काही तासांत वा दिवसांत आलेली, दिवसभरात कमीजास्त होणारी भ्रमिष्टावस्था, अर्थात डिलिरियम, ही वैद्यकीय तातडीची बाब होय. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, बद्धकोष्ठ, शस्त्रक्रिया किंवा नवे औषध यांपैकी काहीही तिला कारण होते. थायरॉइडची कमतरता, ब१२ जीवनसत्त्वाचा अभाव, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त आणि बहिरेपणा यांचीही तपासणी केली जाते. दृष्टी गेलेल्या वृद्धांना आकृत्या दिसतात, पण त्या खऱ्या नाहीत हे त्यांना कळत असते. या स्थितीला चार्ल्स बॉनेट लक्षणसमूह म्हणतात व तो मनोविकार नव्हे.

उपचार

उपचाराची पहिली पायरी औषध नसून कारणाचा शोध ही आहे. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, तो ते ओरडून किंवा मारून व्यक्त करतो. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत ३५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनाशामकांचा पद्धतशीर वापर केल्यावर रुग्णांचा प्रक्षोभ लक्षणीयरीत्या घटला. भूक, तहान, ओले कपडे, गोंगाट, अंधूक उजेड, नवखी जागा ही कारणेही तितकीच खरी. ठरलेली दिनचर्या, दिवसा उजेडात फिरणे, ओळखीची गाणी आणि वाद न घालता लक्ष दुसरीकडे वळवणे यांचा उपयोग होतो. देखभाल करणाऱ्यांना प्रशिक्षण व विसावा मिळणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो.

मनोविकारविरोधी औषधे सरसकट दिली जातात, हे चिंताजनक आहे. त्यांचा लाभ माफक असून धोका मोठा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांबाबत सर्वोच्च पातळीचा इशारा दिला. १७ चाचण्यांत औषध घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा मृत्युदर सुमारे ४.५ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांचा सुमारे २.६ टक्के आढळला होता. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही हा इशारा लागू झाला. लुई बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने शरीर ताठरणे, शुद्ध हरपणे, क्वचित मृत्यूही संभवतो. त्यामुळे स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल तेव्हाच, अल्प मात्रेत व ठरावीक काळापुरती ही औषधे देऊन पुन्हा आढावा घ्यावा, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. २०२३ मध्ये अल्झायमर रोगातील प्रक्षोभासाठी ब्रेक्सपिप्राझोल या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. तोच इशारा त्यावरही छापलेला असतो.

भारतातील स्थिती

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठ वर्षे व त्यावरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. देखभालीचा भार जवळजवळ पूर्णपणे कुटुंबावर, त्यातही घरातील स्त्रियांवर पडतो. केंद्र शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेसाठी १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या एल्डरलाइनसाठी १४५६७ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची कथा आहे. ती भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.